भाऊसाहेबांना विचारा : टँकरची फाइल ऑक्टोबरातच हलते

या वेळचा पत्रांचा गठ्ठा जवळजवळ सगळा दुष्काळाचाच निघाला. माझी सगळी नोकरी बालाघाटाच्या डोंगराला धरून झाली, आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा महसुली गट), त्यामुळे विषय ओळखीचा आहे. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत, तालुके तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : भाऊसाहेब, आमचं गाव मंडळाच्या गावापासून लांब आहे. तिथं ऑगस्टमध्ये दोनदा धो-धो पाऊस झाला, आमच्याकडं धूळसुद्धा बसली नाही. सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत. आता सांगतात, मंडळात पाऊस पुरेसा आहे, तुम्ही बसत नाही. दाद कुठं मागायची? (एक शेतकरी, आष्टी तालुका)

तुमचं भांडण पावसाशी नाही, पर्जन्यमापकाशी आहे. आधी दुष्काळ ठरवायच्या चाळण्या समजून घ्या.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापन संहिता आणली आणि २०१७ पासून आपलं राज्यही तिच्याप्रमाणं चालतं. पहिली चाळणी पावसाची, आणि ती तालुक्यासाठी लागते. जून-जुलै मिळून सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस, किंवा पूर्ण पावसाळ्यात पंचाहत्तर टक्क्यांहून कमी, किंवा मध्येच तीन-चार आठवड्यांचा खंड. यातलं काही लागू झालं तरच तालुका दुसऱ्या चाळणीत जातो. तिथं चार गोष्टी पाहतात : उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, पेरणीचं क्षेत्र, आणि धरणं व भूजल. त्यातूनही जे तालुके उरतात, त्यांतली दहा टक्के गावं निवडून कर्मचारी प्रत्यक्ष शेतात जातात. पाहणीची माहिती आणि फोटो भरायला २०१८ मध्ये 'महामदत' नावाचं ॲप आलं. खरिपाचा निकाल ऑक्टोबरअखेर लागतो. २०१८ मध्ये १५१ तालुके जाहीर झाले ते ३१ ऑक्टोबरला, आणि २०२३ मध्ये ४० तालुके जाहीर झाले तेही ३१ ऑक्टोबरलाच.

तुमच्या गावाचा घोळ होतो तो यानंतरच्या पायरीवर. २०२३ मध्ये चाळीसच तालुके बसल्यावर राज्यभर ओरड झाली, आणि १० नोव्हेंबरला आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. निकष होता सरासरीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून कमी आणि एकूण साडेसातशे मिलिमीटरहून कमी पाऊस. म्हणजे सगळं मंडळाच्या आकड्यावर आलं, आणि मंडळात यंत्र एक. गावं किती आणि कुठं कुठं, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोंगराच्या एका अंगाला ओढा वाहतो आणि दुसऱ्या अंगाला ढेकूळ फुटत नाही, हा आष्टी-पाटोद्याचा नेहमीचा अनुभव आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा हाच. उपग्रहाची भाषा करायची आणि पाऊस मात्र पंधरा-वीस गावांना मिळून एका नळकांड्यात मोजायचा.

पण एक गोष्ट अजूनही गावनिहाय ठरते, आणि तिच्याकडं कुणी फिरकत नाही. ती म्हणजे पैसेवारी, गावातलं पीक नेहमीच्या मानानं रुपयात किती पैसे आलं याचा आकडा. नजर पैसेवारी सप्टेंबरात, सुधारित ३१ ऑक्टोबरपर्यंत, अंतिम १५ डिसेंबरला. गावाची समिती असते. सरपंच, सोसायटीचे प्रतिनिधी, शेतकरी असे लोक तिच्यात असतात. ठरावीक सर्व्हे नंबरांत दहा मीटर बाय दहा मीटरचा प्लॉट आखून पीक कापतात, मळतात, तोलतात. मी असे कितीतरी प्रयोग घेतले. समितीतले निम्मे सभासद सही करायला घरूनच बोलवावे लागायचे. कापणीच्या दिवशी बांधावर दहा शेतकरी उभे असले तर तोलही नीट होतो आणि आकडाही नीट लिहिला जातो. अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की गावाच्या हाती स्वतःचा कागद असतो. जानेवारी २०१९ मध्ये आधीच्या याद्यांत न बसलेल्या, पण पन्नास पैशांखाली आलेल्या नऊशेहून अधिक गावांना सवलती मिळाल्या त्या याच कागदावर.

तेव्हा दोन कामं करा. मोबाइलवरून ई-पीक पाहणी केली नसेल तर मुदत संपायच्या आत करा. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर नुकसान कशाचं दाखवणार? आणि ग्रामसभेचा ठराव पावसाच्या खंडाच्या तारखांसह तहसीलदार आणि तालुका कृषी अधिकारी अशा दोघांकडं द्या, पोच घेऊन. तहसीलच्या आवाराबाहेर घोषणा दिल्यानं पैसेवारी बदललेली मी तरी पाहिली नाही.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झाले आहे. ग्रामसेवक म्हणतात, टँकरचा प्रस्ताव मार्चमध्ये पाठवू, आत्ता विहिरीला पाणी आहे, आत्ता कोण विचारतंय. त्यांचं बरोबर आहे का? (एक सरपंच, भूम तालुका)

सरपंचताई, ग्रामसेवकांचं अर्धंच बरोबर आहे. टँकरचा प्रस्ताव मार्चमध्ये जाईल. पण गावाचं नाव टंचाई आराखड्यात नसेल, तर त्या प्रस्तावाला पहिली शेपटी हीच लागते : "आराखड्यात समावेश नाही."

टंचाई आराखडा म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं अंदाजपत्रक. तो ऑक्टोबर ते जून अशा नऊ महिन्यांचा असतो आणि त्याचे तीन टप्पे पाडतात : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. कोणत्या गावाला, कोणत्या वाडीला, कोणत्या टप्प्यात पाणी कमी पडेल आणि त्यावर उपाय काय, हे पंचायत समिती लिहून काढते. तालुक्याची बैठक साधारणपणे आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते आणि नंतर जिल्ह्याचा आराखडा जिल्हाधिकारी मंजूर करतात. बैठकीला सरपंचांना निरोप असतो. जेवणाची वेळ होईपर्यंत सभागृह भरलेलं असतं, वाड्यांची यादी वाचायला घेतात तेव्हा मागच्या खुर्च्या रिकाम्या. तुम्ही बसून राहा. आणि फक्त गावाचं नाव वाचलं म्हणून समाधान मानू नका. वस्ती आणि तांडा वेगळा लिहिला आहे का, ते पाहा. टँकर गावात येतो आणि दोन किलोमीटरवरच्या तांड्यावर जात नाही, ही तक्रार त्या यादीतच जन्माला येते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चारदा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. कुठं टंचाई येणार, याचा तिचा अंदाज ऑक्टोबरच्या मोजणीवर उभा असतो. तुमच्या किंवा शेजारच्या गावात अशी विहीर आहे का, हे ग्रामपंचायतीला ठाऊक असायला हवं. बहुतेक ठिकाणी नसतं.

आता उपायांबद्दल. आराखड्यात टँकर हा शेवटी यायचा असतो. त्याआधी विहिरीतला गाळ काढणं, विहीर खोल करणं, नदीच्या पात्रात बुडकी (पाण्यासाठी खड्डा) घेणं, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, विंधन विहीर (बोअर), तात्पुरती पूरक नळ योजना आणि खासगी विहिरीचं अधिग्रहण, एवढं सगळं असतं. यातलं खासगी विहीर अधिग्रहण मला सर्वांत आवडतं. गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याची विहीर किंवा बोअर शासन मोबदला देऊन घेतं, पाणी पाइपनं गावच्या टाकीत येतं, धूर नाही की खेप चुकली नाही. अडचण एवढीच की मोबदला उशिरा मिळतो, आणि एकदा हात पोळलेला शेतकरी पुढच्या वर्षी मोटार नादुरुस्त असल्याचं सांगतो. म्हणून आत्ताच, पाणी आहे तोवर, दोन-तीन विहीरमालकांशी बोलून संमती लिहून घ्या आणि त्यांचे गट क्रमांक आराखड्यात घालायला लावा. मागचा मोबदला थकला असेल तर त्याची मागणीही त्याच बैठकीत करा.

टँकर लागलाच तर हिशेब स्वतः करा. माणशी रोज वीस लिटर हा टँकरचा निकष. अठराशे लोकवस्तीच्या गावाला छत्तीस हजार लिटर, म्हणजे बारा हजार लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीत जातो, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी मिळून पाहणी करतात, आणि टंचाईच्या वर्षात मंजुरीचा अधिकार बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडं दिलेला असतो. टँकर कुठून भरणार, ते आधी विचारा. भरण्याची जागा तीस-पस्तीस किलोमीटरवर असेल तर तीन खेपा कागदावरच होतात. जीपीएस बसवलेलं असतं, पण जीपीएसला टँकर किती भरला होता ते कळत नाही. खेपांच्या नोंदवहीवर सही करायला रोज पाणी भरणाऱ्या दोन बायका नेमा. माझ्या मंडळात एका गावानं हे केलं, तिथला टँकरवाला वेळेवर यायचा.

आणि एक कायद्याचं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला राज्याचा भूजल कायदा मनाई करतो. गावच्या विहिरीशेजारी रात्रीतून बोअरची गाडी लागते, ती थांबवायला सरपंचाचं एक पत्र तहसीलदाराकडं वेळेत पोचलं पाहिजे. पाणी लागल्यावर पत्र दिलं तर भावकीची दोन तोंडं तेवढी होतात.

प्रश्न : आमचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळातल्या सुकडीच्या (मदतीच्या खाऊच्या) आणि खडी फोडण्याच्या गोष्टी सांगायचे. तेव्हा सरकारकडं काही नव्हतं तरी लोक जगले. आता इतक्या योजना असून रेल्वेनं पाणी आणायची वेळ का येते? (एक वाचक, पुणे, मूळ गाव औसा तालुका)

तेव्हा धान्य नव्हतं, पण विहिरीत हात दोन हात पाणी होतं. आता रेशनच्या दुकानात धान्य आहे आणि बोअरमध्ये नुसती हवा. दोन्हींना दुष्काळ म्हणत असलो तरी तयारी वेगवेगळी लागते, आणि आपली यंत्रणा पहिल्यासाठी घडलेली आहे.

बहात्तरच्या कामांतून आपल्याला एक कायदा मिळाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. मागेल त्याला काम देण्याची हमी देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं दिली, ही साधी गोष्ट नाही. त्याच कामांवर कितीतरी पाझर तलाव बांधले गेले. तुमच्या औसा तालुक्यातही एखादा "बहात्तरचा तलाव" असेल; जाऊन बघा, त्यात गाळ किती आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये निघाली ती याच दुखण्यावर. पाण्याचा साठा वाढतो आणि गाळानं माळरान सुधारतं. सरकारच्या दुष्काळी योजनांत मला मनापासून पटलेल्या मोजक्या योजनांपैकी ही एक.

लातूरबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे, 'जलदूत', निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी सुरू झाली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट. रेल्वेनं, दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांनी काम चोख केलं, त्यांना नमस्कार. पण लातूर शहर पितं ते धनेगावच्या मांजरा धरणाचं, आणि २०१५ चा पावसाळा संपला तेव्हा ते धरण जवळजवळ कोरडंच होतं. पाणी येणार नाही हे दिवाळीलाच दिसत होतं. मार्च उजाडल्यावर पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली, आणि मग रेल्वे. सहा महिने हाताशी होते. त्या सहा महिन्यांत काय व्हायला हवं होतं, तर पाण्याची पाळी लांबवणं, उसाचं पाणी आधीच बंद करणं, आणखी कुठून पाणी आणता येईल ते ठरवून पाइप टाकणं. आपण संकटात धावपळ छान करतो. गाडीला हार घालायला मंडळी जमतात. ऑक्टोबरच्या पाणी आरक्षणाच्या बैठकीला कुणी हार नेत नाही.

उसाचं वाक्य वाचून काही जण रागावतील. रागवा. ज्या शिवारात माणसाला वीस लिटर मोजून मिळतात, त्याच शिवारात उसाला मोकाट पाणी सोडायचं आणि आराखड्यात फक्त टँकर मोजायचे, याला नियोजन म्हणायला माझी जीभ वळत नाही.

प्रश्न : आमच्या भंडारदरा-निळवंड्याचं पाणी दर वर्षी जायकवाडीला पळवतात. आम्ही काय पाप केलं? (एक वाचक, संगमनेर तालुका)

दर वर्षी नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा म्हणतो की टंचाईच्या काळात खोऱ्यातल्या पाण्याची तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. ती कशी, याचं कोष्टक मेंढेगिरी समितीनं बांधून दिलं : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. जायकवाडी भरलं तर तुमचं कुणी मागत नाही. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला तो याच हिशेबानं.

मी मराठवाड्याचा, माझं मत तुम्हाला एकतर्फी वाटेल, वाटू द्या. वाटेत कोरड्या नदीपात्रात बरंच पाणी मुरतं, ही तुमची तक्रार खरी आहे. म्हणून सोडायचंच असेल तर पात्र ओलं असताना लवकर सोडावं. कोर्टकचेऱ्यांत नोव्हेंबर घालवला की नुकसान दोघांचं. पण १५ ऑक्टोबर ही तारीख आणि पाण्याची टक्केवारी आधी लिहून ठेवलेली आहे, हे मला दुष्काळाच्या तयारीतलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. कोष्टक चुकीचं वाटत असेल तर ते बदलून घेण्यासाठी भांडा, कोष्टकच नको म्हणून भांडू नका.

प्रश्न : आमचं मंडळ दुष्काळसदृश जाहीर झालं होतं. शेजारचा तालुका दुष्काळी. त्यांच्या खात्यात पैसे आले, आमच्या का नाही? (एक शेतकरी, कळंब तालुका)

कारण दोन्हींचा पैसा एका तिजोरीतून येत नाही. संहितेच्या चाळण्यांतून गेलेल्या तालुक्यासाठी राज्य केंद्राकडं आपत्ती निधीतून मागणी करू शकतं, आणि तिथं निविष्ठा अनुदान (बियाणं-खतांच्या खर्चासाठीची मदत) मिळतं. केंद्राच्या २०२२ पासूनच्या दरानं ते कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, बागायतीला सतरा हजार, फळबागेला साडेबावीस हजार, आणि तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. मंडळं राज्यानं आपल्या अधिकारात जाहीर केली, तिथं सवलती मिळतात : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन (फेडीची मुदत नव्यानं बांधणं), शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमी योजनेच्या निकषांत ढील, गरजेप्रमाणं टँकर आणि पंपाची वीज न तोडणं. खात्यात रोकड यात नाही.

शेजाऱ्याच्याही खात्यात आपोआप आलेले नाहीत. यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करावं लागतं. ते न केल्यानं अडकलेली माणसं दर गावात सापडतील. वडील वारले, सातबाऱ्यावर वारस लागले नाहीत, अशी घरं त्यात जास्त. वारस नोंद आजच करून घ्या, तिला दुष्काळाची वाट बघावी लागत नाही.

प्रश्न : तालुका दुष्काळी, तरी कॉलेजनं परीक्षा फी घेतली. (एक विद्यार्थिनी, परांडा तालुका)

पावती जपून ठेव, बाळ. बऱ्याचदा फी आधी भरून घेतात आणि प्रतिपूर्ती नंतर बँक खात्यात येते, पण त्यासाठी खात्याची माहिती शाळा-कॉलेजनं वर कळवावी लागते. प्राचार्यांना लेखी अर्ज दे, सोबत आधारला जोडलेल्या खात्याची झेरॉक्स. चार जणींनी मिळून दिलात तर लवकर हलेल.

प्रश्न : बँकेनं पुनर्गठनाच्या कागदावर सही मागितली आहे. करू का? (एक शेतकरी, माजलगाव तालुका)

कर्ज माफ होत नाही, हे समजून करा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणं तेहतीस ते पन्नास टक्के नुकसान असेल तर फेडीला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते, त्यातलं पहिलं वर्ष हप्त्याविना. फायदा हा की खातं थकबाकीत जात नाही आणि नवं पीककर्ज मिळायला वाट राहते. तोटा हा की व्याज चालू राहतं. नवं कर्ज देणार का, किती देणार, हे शाखाधिकाऱ्याकडून आधी विचारून घ्या. ते नाही म्हणाले तर जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडं जा, सही त्यानंतर.

प्रश्न : यंदा जनावरांच्या चारा छावण्या होतील का? कडबा विकून टाकू की ठेवू? (एक पशुपालक, सांगोला तालुका)

छावणीचं मी सांगू शकत नाही. ती राज्याच्या आदेशानं उघडते, आणि २०१९ चा अनुभव असा की ती उघडेपर्यंत दावणीची निम्मी जनावरं बाजार दाखवून झालेली असतात. काही छावण्यांत कागदावरची जनावरं खुंट्यावरच्या जनावरांहून जास्त निघाली, त्यामुळं तपासण्या कडक झाल्या आणि प्रामाणिक चालकांची बिलंही लटकली. छावणीच्या भरवशावर कडबा विकू नका. पशुसंवर्धन विभाग चारा किती महिने पुरेल याचा हिशेब काढतो, आणि तूट दिसली की जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालतात. तसं झालं तर विकायचं म्हटलं तरी बाहेरचं गिऱ्हाईक मिळणार नाही.

जवळ तलाव असेल तर गाळपेर बघा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन २०१८-१९ मध्ये शासनानं चारा पिकासाठी नाममात्र एक रुपया भाड्यानं दिली होती. ओल असते, मका किंवा ज्वारीचा चारा एका पाण्यावर निघतो. यंदा तसा आदेश निघाला आहे का, हे पाटबंधारे शाखेत आणि पशुधन विकास अधिकाऱ्याकडं जाऊन विचारा. पाणी उतरायला लागायच्या आत जा, नंतर तिथं बैलगाड्या उभ्या राहतात.